छावणीचे दार आणि पंडिता रमाबाई

श्रमछावणी म्हटले की सैबेरिया आठवतो, हिटलरचा जर्मनी आठवतो. बंगळूर कोणाला आठवत नाही. परंतु 1876 ते 1878 च्या दुष्काळात म्हैसूर संस्थानातील उपाशी माणसे त्या शहराकडे लोटली. जे धडधाकट होते त्यांना खडी फोडण्यास व मातीकामास लावले गेले. बंगळूर-म्हैसूर लोहमार्ग हेही त्याच काळातील दुष्काळी काम होय. 1871 व 1881 च्या खानेसुमारींत संस्थानची वस्ती आठ लाखांहून अधिक घटलेली दिसते. शेजारच्या मद्रास इलाख्यात सर रिचर्ड टेंपल यांनी 1877 साली राबणाऱ्या पुरुषाची दिवसाची मजुरी एक पौंड धान्याची किंमत व वर एक आणा इतकीच ठरविली. तेथे कोणाला बेड्या घालून आणले नव्हते, हे खरे. पण बाहेर पडणे म्हणजे मरणे असेल, तर उघड्या दाराचा काय उपयोग?

म्हैसूरच्याच रानात, गंगामूळ येथे 1858 साली जन्मलेल्या रमाबाई डोंगरे यांना हा प्रश्न पुस्तकातून कळला नव्हता. 1874 साली मद्रास इलाख्यात उपासमारीत त्यांचे आईवडील गेले. पाठोपाठ बहीण गेली.

पुढे 1896-97 चा दुष्काळ आला, तेव्हा शारदा सदनाच्या चालक असलेल्या पंडिता रमाबाई मध्य प्रांतात स्वतः गेल्या. सरकारी कामांवर व अनाथगृहांत त्यांनी जे पाहिले ते फेमिन कोडात कोठेच लिहिलेले नव्हते. अन्न देण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या मर्जीवर तरुण मुलींची अब्रू अवलंबून होती. रात्री त्यांच्या रक्षणाची सोय नव्हती. दुष्ट लोक त्यांना उचलून नेत. रमाबाईंनी हे अधिकाऱ्यांच्या कानी घातले, छापूनही प्रसिद्ध केले. पुष्कळ भल्या माणसांना ते तेव्हा रुचले नाही.

त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया सोडवून आणल्या. पुण्यात प्लेगमुळे इतक्या जणींना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या उघड्या माळावर बिऱ्हाड पडले. तेच मुक्ती सदन. काम तेथेही होते, आणि थोडे नव्हते: शेती, विणकाम, घाणा, छापखाना. मात्र भाकरी आधी मिळे. कामाच्या मापाने ती कापली जात नसे. माझ्या मते छावणी आणि घर यांतील भेद एवढ्यातच आहे.

5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई निवर्तल्या. त्यांचे मराठी बायबल मुक्तीतील स्त्रियांनी खिळे जुळवून छापले. ते 1924 साली बाहेर पडले.