बर्फात सांडलेलं डिझेल जीवाणू खातात का? क्लॉड झोबेल यांनी याचाही माग काढला

डिसेंबरच्या थंडीत सदाशिव पेठेतल्या घरातही दही लवकर लागत नाही. जीवाणूंना ऊब लागते. मग जिथे पाणीच गोठतं, तिथे सांडलेलं तेल जीवाणू कसं संपवणार? याचं उत्तर शोधणाऱ्यांत एक नाव आघाडीवर आहे, क्लॉड झोबेल.

झोबेल यांचा जन्म १९०४ चा, अमेरिकेतल्या युटाचा. बर्कलीतून पीएचडी करून १९३२ मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत आले. समुद्रातल्या जीवाणूंकडे तेव्हा फारसं कुणी बघत नव्हतं. १९५१ मध्ये त्यांनी फिलिपिन्सजवळच्या गर्तेत, १० हजार मीटरपेक्षा खोल, जिवंत जीवाणू असल्याचं दाखवलं.

तेल उद्योगाला हवं होतं वेगळंच. तेल तयार व्हायला जीवाणू मदत करतात का, हे शोधायला झोबेल यांना पैसे मिळाले. पण तेल खाणारे जीवही त्यांच्या अभ्यासात होतेच. १९४६ मध्ये त्यांनी अशा जवळपास १०० प्रजातींची नोंद मांडली.

१९६८ मध्ये अलास्काच्या उत्तर टोकाला प्रचंड तेलसाठा सापडला. तिथे गळती झाली तर? साठी ओलांडलेल्या झोबेल यांनी तिथल्या जीवाणूंवर काम केलं आणि शून्याखालीही ते तेल खातात, हे दाखवलं. मात्र वेग फारच कमी. २५ अंशांच्या तुलनेत ५ अंशांवरच तो दहा पटींहून अधिक घटतो.

दुसरी अडचण म्हणजे तेलात कार्बन भरपूर, पण नायट्रोजन आणि फॉस्फरस जवळजवळ नाही. तो बाहेरून द्यावा लागतो.

मार्च १९८९ मध्ये झोबेल गेले. त्याच महिन्यात, २४ तारखेला, अलास्कात 'एक्झॉन व्हाल्डेझ' जहाजातून सुमारे ४ कोटी लिटर तेल सांडलं. तेव्हा किनाऱ्यांवर खत टाकून तिथल्याच जीवाणूंना बळ देण्यात आलं.

आज हा प्रश्न भारताचाही आहे. अंटार्क्टिकातल्या 'मैत्री' आणि 'भारती' केंद्रांना डिझेल लागतं. त्यांचं काम गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय केंद्रातून चालतं. अंटार्क्टिक कराराच्या पर्यावरणविषयक नियमांमुळे बाहेरचे जीवाणू तिथे नेऊन सोडता येत नाहीत. म्हणजे भिस्त तिथल्याच जीवाणूंवर. ते काम करतात, पण सावकाश. म्हणून तिथे तेल सांडूच न देणं हाच पहिला उपाय.