सावेदादा : मुंबईचा पहिला हौशी चित्रकर्ता

७ जुलै १८९६ रोजी मुंबईतील वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला. स्थानकात शिरणारी आगगाडी, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार अशी जेमतेम मिनिटभराची सहा चित्रे आणि तिकीट एक रुपया! आठवड्याभरातच हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलले. त्या नवलाईने भारावलेल्यांत एक मराठी छायाचित्रकार होता. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर त्याचे नाव. मुंबई त्यांना सावेदादा म्हणून ओळखत असे.

१५ मार्च १८६८ रोजी जन्मलेले सावेदादा त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचे होते. गिऱ्हाइकाला स्थिर बसवून त्याची छबी टिपणे हा त्यांचा व्यवसाय. येथे तर सारे काही हलत होते. इतर प्रेक्षक थक्क होऊन घरी परतले; सावेदादांनी मात्र इंग्लंडहून चित्रीकरणाचा कॅमेरा मागवला. किंमत २१ गिनी, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ३३० रुपये. हे तंत्र शिकवणारी शाळा नव्हती की पाठीशी कोणी धनिक नव्हता. स्वतंत्र चित्रपट हा शब्दही जन्मायचा होता, तरी सावेदादांचा उद्योग त्याच जातीचा होता.

१८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती त्यांनी चित्रित केली. भारतीयाने केलेले हे पहिले चित्रीकरण मानले जाते. फिल्म धुण्यासाठी थेट लंडनला पाठवावी लागली. आपण टिपले ते उमटले की नाही, हे बोटीने डबा परत येईपर्यंत कळण्याची सोय नव्हती. बिघडले असते तर पुन्हा कुस्ती कोण लावणार? दादांनी मधल्या काळात प्रक्षेपकही विकत घेतला आणि परदेशी चित्रांचे खेळ सुरू केले. माकडांना कसरती शिकवणाऱ्या माणसाचे चित्रण ही त्यांची पुढची कृती. परदेशी चित्रांच्या जोडीला आपली मुंबईही पडद्यावर दिसू लागली.

त्यांचे खरे मोठे काम पुढचे. केंब्रिजला १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे डिसेंबर १९०१ मध्ये मायदेशी परतले. चौपाटीवर त्यांचे झालेले स्वागत सावेदादांनी टिपले. देशातील पहिला वार्तापट म्हणून अभ्यासक याच चित्रणाकडे बोट दाखवतात. पाश्चात्त्य समीक्षेत माहितीपटाला नाव मिळाले ते १९२६ मध्ये. सावेदादा त्याच्या पाव शतक आधी कॅमेरा घेऊन गर्दीत उभे होते. १९०३ च्या दिल्ली दरबाराचे चित्रणही त्यांच्या नावावर आहे.

पुढे त्यांनी चित्रीकरण सोडले. बोरीबंदरसमोरील गेटी, म्हणजेच नंतरचे कॅपिटॉल, या थिएटरच्या कारभारात ते रमले आणि त्यात त्यांनी पैसाही चांगला मिळवला. हा व्यवहारीपणा काहींना खटकेल. पण स्वतःची फिल्म दाखवायला जागा लागते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी झळकला आणि कथापटाच्या झगमगाटात या हरिश्चंद्राची छोटी चित्रे मागे पडली. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांच्या वाट्याला बहुधा एखादाच परिच्छेद येतो. २० फेब्रुवारी १९५८ रोजी, नव्वदीच्या उंबरठ्यावर, सावेदादांचे निधन झाले. हँगिंग गार्डनवरील ती कुस्ती आज कोठेही पाहायला मिळत नाही.