योहानेस केप्लर

योहानेस केप्लर (जन्म : २७ डिसेंबर १५७१, वाइल डेर श्टाट, मृत्यू : १५ नोव्हेंबर १६३०, रेगेन्सबुर्ग) हे जर्मन खगोलशास्त्रज्ञ व गणितज्ञ होते. ग्रहांच्या गतीविषयीचे तीन नियम त्यांच्या नावाने ओळखले जातात. आकाशस्थ गोलांची गती वर्तुळाकारच असली पाहिजे, ही प्राचीन ग्रीक काळापासून चालत आलेली समजूत त्यांनी निरीक्षणांच्या आधारे मोडीत काढली आणि ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे दाखवून दिले. पुढे आयझॅक न्यूटन यांनी मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्ताला या नियमांचा मोठा आधार मिळाला. प्रकाशशास्त्रातही केप्लर यांचे कार्य मूलगामी मानले जाते.

जन्म व शिक्षण

केप्लर यांचा जन्म आजच्या जर्मनीतील व्युर्टेंबर्ग प्रांतातील वाइल डेर श्टाट या लहान गावी झाला. त्यांचे वडील हाइनरिख हे भाडोत्री सैनिक होते. एका मोहिमेवर गेले ते पुन्हा परतले नाहीत. आई कॅथरिना या एका खाणावळ चालकाच्या कन्या असून त्यांना वनौषधींची माहिती होती. बालपणी झालेल्या देवीच्या आजारामुळे केप्लर यांची दृष्टी कायमची अधू झाली. असे असूनही आकाशाची ओढ त्यांना लहानपणीच लागली. १५७७ सालचा मोठा धूमकेतू आईने, तर १५८० सालचे चंद्रग्रहण वडिलांनी त्यांना दाखवले होते.

घरची स्थिती बेताची होती, परंतु राज्याच्या शिष्यवृत्तीमुळे त्यांचे शिक्षण निर्वेध पार पडले. १५८९ मध्ये त्यांनी ट्युबिंगेन विद्यापीठात प्रवेश घेतला. लूथर पंथाचा धर्मोपदेशक व्हावे, असा त्यांचा मानस होता. विद्यापीठात मिखाएल मेस्टलिन यांच्याकडून त्यांना कोपर्निकस यांच्या सूर्यकेंद्री सिद्धान्ताची ओळख झाली आणि तो त्यांनी मनापासून स्वीकारला.

ग्रात्स येथील वास्तव्य

१५९४ मध्ये ऑस्ट्रियातील ग्रात्स येथील प्रोटेस्टंट शाळेत गणिताचे शिक्षक म्हणून केप्लर यांची नेमणूक झाली. दरवर्षीचे पंचांग तयार करणे हेही त्यांच्या कामाचा भाग होते. हवामान, पीकपाणी आणि युद्ध यांविषयीची भाकिते अशा पंचांगात द्यावी लागत.

त्या काळी पृथ्वीसह सहाच ग्रह ज्ञात होते. ग्रह सहाच का आणि त्यांच्यामधील अंतरे अमुकच का, या प्रश्नाने त्यांना पछाडले होते. भूमितीत सुसम घनाकृती पाचच आहेत. त्या एकात एक बसवल्यास सहा ग्रहांच्या गोलांमधील पाच अंतरे मिळतात, अशी कल्पना त्यांना सुचली. ती त्यांनी १५९६ मध्ये ‘मिस्टेरियम कॉस्मोग्राफिकम’ या ग्रंथात मांडली. ही कल्पना चुकीची होती, तरी ती पडताळून पाहण्यासाठी अचूक निरीक्षणे हवीत, या गरजेने त्यांना पुढच्या वाटेवर आणले. अशी निरीक्षणे त्या काळी डॅनिश खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे यांच्याजवळ होती.

१६०० मध्ये ग्रात्समधील प्रोटेस्टंटांवर धर्मांतराची सक्ती झाली. केप्लर यांनी धर्म बदलण्यास नकार दिला व त्यांना शहर सोडावे लागले.

प्राग : मंगळाची कक्षा

ब्राहे हे त्या सुमारास प्राग येथे सम्राट दुसरा रुडॉल्फ यांच्या आश्रयास होते. केप्लर त्यांचे सहायक झाले. ब्राहे निष्णात निरीक्षक, तर केप्लर गणिती. परंतु आपली निरीक्षणे सहजासहजी दुसऱ्याच्या हाती देण्यास ब्राहे तयार नसत. ऑक्टोबर १६०१ मध्ये ब्राहे यांचे निधन झाले. राजगणिती म्हणून केप्लर यांची नियुक्ती झाली आणि निरीक्षणांचा संपूर्ण संग्रह त्यांना उपलब्ध झाला.

ब्राहे यांची निरीक्षणे दुर्बिणीच्या शोधापूर्वीची असूनही सुमारे एक ते दोन कलांपर्यंत अचूक होती. एका अंशाचे साठ समान भाग केले असता त्यांपैकी एका भागास कला म्हणतात. पौर्णिमेच्या चंद्राचा व्यास सुमारे ३० कला भरतो, यावरून या अचूकतेची कल्पना येते.

मंगळाचे गणित इतर ग्रहांच्या मानाने अवघड होते. केप्लर यांनी प्रथम परंपरेनुसार वर्तुळाकार कक्षा गृहीत धरली. कक्षेचा आकार व स्थान ठरवण्यासाठी त्यांनी तेच दीर्घ आकडेमोडीचे गणित सुमारे ७० वेळा केले. ग्रहाची दिशा उत्तम जुळली, पण सूर्यापासूनची अंतरे जुळेनात. अंतरे दुरुस्त केली, तेव्हा दिशेत ८ कलांपर्यंत फरक पडू लागला. पूर्वीच्या कोणत्याही खगोलशास्त्रज्ञाने इतका फरक निरीक्षणातील चूक म्हणून सोडून दिला असता. ब्राहे यांच्या हातून एवढी चूक होणे शक्य नाही, हे केप्लर जाणून होते. त्यांनी निरीक्षण खरे मानले आणि स्वतःचे कित्येक वर्षांचे गणित बाजूला ठेवले.

त्यानंतर त्यांनी एक नवी युक्ती योजली. मंगळाची एक प्रदक्षिणा ६८७ दिवसांत पूर्ण होते. म्हणजे दर ६८७ दिवसांनी मंगळ अवकाशात त्याच जागी परत येतो, पण पृथ्वी त्या वेळी आपल्या कक्षेत दुसऱ्या ठिकाणी असते. दोन भिन्न ठिकाणांहून एकाच वस्तूकडे पाहिल्यास त्रिकोणमितीने अंतर काढता येते. या पद्धतीने त्यांनी आधी पृथ्वीची कक्षा नेमकी केली आणि मग मंगळाच्या कक्षेवरील स्थाने निश्चित केली. ही स्थाने वर्तुळाच्या किंचित आत येत होती. अंडाकृतीचा प्रयत्न फसल्यानंतर, १६०५ मध्ये, ती लंबवर्तुळावर तंतोतंत बसतात असे त्यांना आढळले. मंगळाच्या कक्षेचा लहान अक्ष मोठ्या अक्षापेक्षा अर्ध्या टक्क्याहूनही कमी लहान आहे. इतका सूक्ष्म फरक त्या ८ कलांमुळे हाती लागला.

ब्राहे यांच्या वारसांशी झालेल्या वादामुळे प्रकाशन लांबले. अखेर १६०९ मध्ये ‘अ‍ॅस्ट्रोनॉमिया नोव्हा’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात पहिले दोन नियम आहेत.

ग्रहगतीचे तीन नियम

पहिला नियम : प्रत्येक ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असून सूर्य त्या लंबवर्तुळाच्या एका नाभीपाशी असतो.

दुसरा नियम : सूर्य व ग्रह यांना जोडणारी रेषा समान कालावधीत समान क्षेत्रफळ आक्रमते. त्यामुळे सूर्याजवळ असताना ग्रहाचा वेग वाढतो व दूर असताना कमी होतो. उदाहरणार्थ, पृथ्वी जानेवारीच्या आरंभी सूर्यापासून सुमारे १४.७ कोटी किलोमीटर अंतरावर असते, तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे ३०.३ किलोमीटर असतो. जुलैच्या आरंभी अंतर सुमारे १५.२ कोटी किलोमीटर होते आणि वेग सुमारे २९.३ किलोमीटरपर्यंत उतरतो. केप्लर यांना हा नियम पहिल्या नियमाच्या आधीच सापडला होता.

तिसरा नियम : ग्रहाच्या प्रदक्षिणाकालाचा वर्ग हा त्याच्या सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. पृथ्वीचे अंतर १ व प्रदक्षिणाकाल १ वर्ष मानल्यास गुरूचे अंतर ५.२ भरते. ५.२ चा घन सुमारे १४०.६ येतो आणि त्याचे वर्गमूळ ११.८६ आहे, गुरूची प्रदक्षिणाही ११.८६ वर्षांचीच आहे. हा नियम केप्लर यांना १६१८ मध्ये सापडला व १६१९ मध्ये ‘हार्मोनिसेस मुंडी’ या ग्रंथात प्रसिद्ध झाला.

प्रकाशशास्त्र व इतर कार्य

डोळ्यातील भिंगामुळे दृष्टिपटलावर बाह्य वस्तूची उलटी प्रतिमा उमटते, हे स्पष्टीकरण केप्लर यांनी १६०४ मध्ये दिले. त्याच वर्षी दिसलेल्या अतिनवताऱ्याचा त्यांनी केलेला अभ्यासही प्रसिद्ध आहे. १६१० मध्ये गॅलिलिओ यांनी दुर्बिणीतून लावलेले शोध जाहीर करताच केप्लर यांनी त्यांना उघड पाठिंबा दिला. पुढील वर्षी त्यांनी दोन बहिर्गोल भिंगांच्या दुर्बिणीची रचना सुचवली. हिमकणांचा आकार षट्कोनी का असतो, यावर त्यांनी एक छोटी पुस्तिका लिहिली, तर मद्याच्या पिंपाचे घनफळ काढण्याच्या निमित्ताने १६१५ मध्ये लिहिलेला ग्रंथ कलनशास्त्राच्या पूर्वेतिहासात महत्त्वाचा ठरला.

कौटुंबिक आपत्ती व आईवरील खटला

१६११ हे वर्ष केप्लर यांना फार कठीण गेले. देवीच्या आजाराने त्यांचा सहा वर्षांचा मुलगा दगावला, पत्नी बार्बरा यांचे निधन झाले आणि सम्राट रुडॉल्फ यांना सत्ता सोडावी लागली. १६१२ मध्ये केप्लर लिंत्स येथे गेले व पुढील वर्षी सुझाना यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. लूथर पंथाच्या काही मतांशी सहमत नसल्याने लिंत्स येथील चर्चने त्यांना धार्मिक विधीतून वगळले. एका पंथाने शहर सोडायला लावले आणि स्वतःच्या पंथाने दूर ठेवले, अशी त्यांची अवस्था झाली.

१६१५ मध्ये त्यांच्या आईवर चेटूक केल्याचा आरोप ठेवण्यात आला. त्या काळी असा आरोप सिद्ध झाल्यास देहदंड होत असे. ऑगस्ट १६२० मध्ये सत्तरी ओलांडलेल्या कॅथरिना यांना अटक झाली. केप्लर आपले काम सोडून व्युर्टेंबर्गला गेले आणि त्यांनी बचावाची सूत्रे हाती घेतली. साक्षींमधील विसंगती त्यांनी एकेक करून दाखवल्या. ज्या आजारांचा दोष आईच्या माथी मारला जात होता, त्यांची नैसर्गिक कारणे मांडली. कॅथरिना यांना छळाची साधने दाखवून भय घालण्यात आले, तरीही त्यांनी गुन्हा कबूल केला नाही. सुमारे चौदा महिन्यांच्या कैदेनंतर १६२१ च्या शरद ऋतूत त्यांची सुटका झाली. परंतु १६२२ च्या एप्रिलमध्ये त्या निवर्तल्या. तिसरा नियम जगापुढे आला तो याच खटल्याच्या वर्षांत.

रुडॉल्फीय कोष्टके व अखेरचे दिवस

ब्राहे यांच्या निरीक्षणांवरून ग्रहस्थितीची कोष्टके तयार करण्याचे काम केप्लर यांनी १६२७ मध्ये उल्म येथे छापून पूर्ण केले. दिवंगत सम्राटाच्या नावावरून ती रुडॉल्फीय कोष्टके म्हणून ओळखली जातात. त्यांत नव्यानेच शोधल्या गेलेल्या लॉगरिथमचा उपयोग केलेला होता. या कोष्टकांवरून केप्लर यांनी वर्तवलेले बुधाचे अधिक्रमण ७ नोव्हेंबर १६३१ रोजी पॅरिसहून प्येर गासेंदी यांनी प्रत्यक्ष पाहिले. ते पाहण्यास केप्लर मात्र हयात नव्हते.

राजदरबाराकडील त्यांचे वेतन अनेक वर्षे थकलेले होते. थकलेल्या पैशांच्या वसुलीसाठी ते १६३० मध्ये रेगेन्सबुर्गला गेले, तेथे आजारी पडले आणि १५ नोव्हेंबर रोजी वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तीस वर्षांच्या युद्धाच्या धामधुमीत त्यांची कबरही नष्ट झाली. चंद्रावरील प्रवासाची त्यांनी लिहिलेली ‘सोम्नियम’ ही कथा १६३४ मध्ये मरणोत्तर प्रकाशित झाली.

गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्ताशी संबंध

ग्रह कसे फिरतात, याबरोबरच ते का फिरतात, हाही प्रश्न केप्लर यांनी विचारला. सूर्यापासून निघणारे, चुंबकासारखे एखादे बल ग्रहांना पुढे ढकलत असावे, असे त्यांना वाटत होते. भरती-ओहोटीस चंद्राचे आकर्षण कारणीभूत आहे, हेही त्यांनी ओळखले होते. मात्र, बल नाहीसे झाल्यास वस्तू थांबते, अशी त्यांची समजूत असल्याने हे स्पष्टीकरण अपुरे राहिले. गतिमान वस्तूवर बाह्य बल नसल्यास ती सरळ रेषेत एकसमान वेगाने जात राहते, हे तत्त्व नंतर प्रस्थापित झाले. तेव्हा ग्रहाला पुढे ढकलणाऱ्या बलाची गरज उरली नाही. त्याला सूर्याकडे वळवणारे बल तेवढे हवे होते. १६८७ मध्ये न्यूटन यांनी ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात सिद्ध केले की, बलाची दिशा सदैव सूर्याकडे असेल तर दुसरा नियम आपोआप मिळतो. तसेच नाभीपाशी सूर्य असलेल्या लंबवर्तुळाकार कक्षेसाठी ते बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असावे लागते.

वारसा

केप्लर यांचे नियम केवळ ग्रहांना लागू नाहीत. पृथ्वीभोवती एका दिवसात फेरी पूर्ण करणारा भूस्थिर उपग्रह पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ४२ हजार किलोमीटर अंतरावर असतो. चंद्र त्याच्या सुमारे नऊपट अंतरावर आहे. नऊचा घन ७२९ व त्याचे वर्गमूळ २७. चंद्राची पृथ्वीप्रदक्षिणाही सुमारे २७ दिवसांची आहे. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाभोवती पोहोचलेले भारताचे मंगळयानही लांबट लंबवर्तुळाकार कक्षेत, मंगळाजवळ वेगाने व दूर असताना मंद गतीने फिरत असे.

चंद्रावरील एका विवरास केप्लर यांचे नाव देण्यात आले आहे. परग्रहांच्या शोधासाठी नासाने २००९ मध्ये सोडलेल्या अवकाश दुर्बिणीलाही त्यांचेच नाव होते. २०१८ पर्यंत कार्यरत असलेल्या या दुर्बिणीने अन्य ताऱ्यांभोवतीचे दोन हजारांहून अधिक ग्रह शोधले. त्या ग्रहांची त्यांच्या ताऱ्यांपासूनची अंतरे प्रदक्षिणाकालावरून, म्हणजेच केप्लर यांच्या तिसऱ्या नियमानुसार काढली जातात.