अधिक चिन्हाच्या कळीचे जनक : गुनपेई योकोई

जुन्या व्हिडिओ गेम यंत्रांसाठी स्वतःच्या हातांनी कंट्रोलर तयार करणारे छंदिष्ट आज जगभर आढळतात. कोणी लाकूड कोरून, कोणी त्रिमितीय छपाई करून, तर कोणी जुन्या कंट्रोलरचे भाग जोडून नवे रूप घडवतो. बाह्य आकार कितीही बदलला, तरी डाव्या अंगठ्याखाली बहुधा एक ओळखीची वस्तू असतेच : अधिक चिन्हाच्या आकाराची छोटी कळ. या कळीची कल्पना साकारणारे जपानी अभियंते गुनपेई योकोई यांच्या निधनाला पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे. त्यांनी घडवलेल्या वस्तू कोट्यवधी लोकांच्या हाती पोहोचल्या. त्यांचे नाव मात्र त्या प्रमाणात सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले नाही.

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी जपानमधील क्योतो येथे झाला. त्याच शहरातील दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्स विषयात पदवी मिळवली आणि १९६५ मध्ये ते निन्टेन्डो या कंपनीत रुजू झाले. १८८९ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी त्या काळी मुख्यतः 'हानाफुदा' हे फुलांच्या चित्रांचे पारंपरिक जपानी पत्ते बनवीत असे. पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल करणे, हे योकोई यांचे काम होते. यंत्रे सुरळीत चालू असली की त्यांच्यापाशी भरपूर मोकळा वेळ उरे.

या मोकळ्या वेळात त्यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी एक खेळणे बनवले. कात्रीसारख्या एकमेकींत गुंतलेल्या पट्ट्यांचा तो हात होता. मुठी जवळ आणल्या की तो लांब होई आणि दूरची वस्तू पकडी. १९६६ मध्ये कारखान्याच्या पाहणीसाठी आलेले कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या नजरेस हे खेळणे पडले. कामाच्या वेळेत खेळत बसल्याबद्दल कानउघाडणी होईल, अशी योकोई यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात हे खेळणे नाताळच्या बाजारासाठी तयार करण्याचा आदेश त्यांना मिळाला. 'अल्ट्रा हँड' या नावाने आलेल्या या खेळण्याचे दहा लाखांहून अधिक नग विकले गेले आणि देखभाल विभागातील अभियंता खेळण्यांचा निर्माता झाला.

पुढील काही वर्षांत त्यांनी घरात चेंडू टोलवण्याचे यंत्र, दोन व्यक्तींमधील प्रेम मोजण्याचा गमतीदार दावा करणारे 'लव्ह टेस्टर' अशी अनेक खेळणी तयार केली. शार्प कंपनीतील अभियंते मासायुकी उएमुरा यांच्या सहकार्याने १९७० मध्ये त्यांनी प्रकाशाची बंदूक बाजारात आणली. बंदुकीतून निघालेला प्रकाश लक्ष्यातील सौरघटावर पडला की नेम लागल्याचे कळे. उएमुरा हेही पुढे निन्टेन्डोत आले. याच तंत्रावर १९७३ मध्ये ओस पडलेल्या बोलिंग केंद्रांत नेमबाजीचे खेळ उभारण्यात आले. परंतु त्याच वर्षीच्या तेलसंकटाने मागणी घटली आणि कंपनी अडचणीत सापडली.

या अनुभवांतून योकोई यांचे एक तत्त्व आकारास आले. जपानी भाषेत त्याचे नाव 'सुकलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार' अशा अर्थाचे आहे. येथे सुकलेले म्हणजे टाकाऊ नव्हे, तर लोणच्याप्रमाणे मुरलेले, गुणदोष पूर्णपणे ठाऊक झालेले आणि म्हणूनच स्वस्त व भरवशाचे झालेले तंत्रज्ञान. अशा तंत्रज्ञानाचा ज्या ठिकाणी कोणी विचारही केला नसेल, अशा ठिकाणी वापर करावा, असा त्यांचा आग्रह असे. खेळणे गुंतागुंतीचे असण्यापेक्षा ते खेळावेसे वाटणे महत्त्वाचे, ही त्यामागची भूमिका होती.

या तत्त्वाचे पहिले मोठे यश आगगाडीत सुचले. शिनकान्सेन या अतिवेगवान गाडीतून प्रवास करताना, कंटाळलेला एक नोकरदार खिशातील गणकयंत्राची बटणे उगाच दाबत बसल्याचे योकोई यांनी पाहिले. प्रवासात चारचौघांच्या नजरेत न येता खेळता येईल, असा खिशात मावणारा खेळ मोठ्या माणसांनाही हवा असणार, हे त्यांनी ताडले. गणकयंत्रांमधील स्पर्धेमुळे त्यांचे पडदे आणि चिप्स एव्हाना स्वस्त झाल्या होत्या. १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' मालिकेतील पहिला खेळ विक्रीस आला. त्यात घड्याळही होते. पुढील अकरा वर्षांत या मालिकेतील चार कोटींहून अधिक खेळ विकले गेले.

१९८१ मध्ये 'डाँकी काँग' हा नाणे टाकून खेळण्याचा व्हिडिओ गेम तयार झाला. त्याचे तरुण रचनाकार शिगेरू मियामोतो यांना मार्गदर्शन करण्याची जबाबदारी योकोई यांच्याकडे होती. दुसऱ्या वर्षी हाच खेळ 'गेम अँड वॉच' मध्ये आणायचे ठरले, तेव्हा एक अडचण उभी राहिली. मूळ खेळात नायकाला चारही दिशांना हलवण्यासाठी उभा दांडा होता. नवे यंत्र मात्र डबीसारखे मिटणारे होते. उभा दांडा बसवला तर झाकण लागणार नाही आणि चार स्वतंत्र बटणे दिली तर अंगठा चुकेल. योकोई यांनी चारही दिशा एकाच सपाट, अधिक चिन्हाच्या आकाराच्या कळीत बसवल्या.

या कळीची रचना वरवर साधी दिसते. मधोमध एक टेकू असतो आणि प्रत्येक भुजेखाली विद्युत संपर्क असतो. एक भुजा दाबली की समोरची वर उचलली जाते. त्यामुळे डावी आणि उजवी दिशा एकाच वेळी दाबली जात नाही. पडद्यावरून नजर न हटवता, केवळ स्पर्शाने अंगठ्याला दिशा कळते. आज हाताने कंट्रोलर घडवणाऱ्यांनाही याच टेकूची सर्वाधिक काळजी घ्यावी लागते. तो थोडा बुटका राहिला तर समोरासमोरच्या दिशा एकदम दाबल्या जातात. थोडा उंच झाला तर कळ जड लागते.

१९८३ मध्ये उएमुरा यांच्या चमूने 'फॅमिकॉम' हे घरगुती यंत्र तयार केले. त्याच्या कंट्रोलरवर आधी उभा दांडा बसवण्याचा विचार होता. परंतु जमिनीवर ठेवलेल्या कंट्रोलरवर मुलांचा पाय पडला तर दांडा मोडेल, अशी भीती होती. अखेर योकोई यांचीच कळ स्वीकारण्यात आली. १९९० च्या दशकात भारतातील शहरांत 'टीव्ही गेम' या नावाने विकल्या गेलेल्या, फॅमिकॉमच्या धर्तीवरील यंत्रांतही हीच कळ होती. आपल्याकडील एका संपूर्ण पिढीच्या अंगठ्याला तिची ओळख आहे. २००८ मध्ये अमेरिकेतील एमी पुरस्कारांच्या तंत्रज्ञान विभागात या कळीचा गौरव झाला.

योकोई यांच्या तत्त्वाची खरी कसोटी १९८९ मध्ये लागली. त्यांच्या विभागाने तयार केलेल्या 'गेम बॉय' या हातात धरण्याच्या यंत्राचा पडदा हिरवट आणि रंगहीन होता. अटारी आणि सेगा या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी रंगीत पडद्यांची यंत्रे आणली. मात्र त्यांना सहा बॅटऱ्या लागत आणि त्या काही तासांतच संपत. गेम बॉय चार बॅटऱ्यांवर त्याहून कितीतरी अधिक काळ चाले, स्वस्त पडे आणि हातातून पडले तरी सहसा बिघडत नसे. ग्राहकांनी आपला कौल दिला. पुढील रंगीत आवृत्ती धरून या यंत्राची विक्री ११ कोटी ८६ लाखांहून अधिक झाली.

यशाच्या या वाटेवर एक मोठे अपयशही आले. १९९५ मध्ये आलेल्या 'व्हर्च्युअल बॉय' या यंत्रात डोळे लावून खोलीचा आभास देणारे चित्र पाहता येई. हे चित्र केवळ लाल आणि काळ्या रंगात होते. खेळताना मान अवघडे, डोळे शिणत. त्याच्या कंट्रोलरवर दोन्ही अंगठ्यांसाठी अधिक चिन्हाची एकेक कळ होती. परंतु तेवढ्याने ग्राहक मिळाले नाहीत. सुमारे ७ लाख ७० हजार यंत्रे विकली गेली आणि वर्षभरातच उत्पादन गुंडाळावे लागले.

ऑगस्ट १९९६ मध्ये, तीन दशकांहून अधिक सेवेनंतर योकोई यांनी निन्टेन्डो सोडली. अपयशामुळेच त्यांना जावे लागले, अशी चर्चा झाली. योकोई यांनी मात्र तिचा इन्कार केला. जाण्यापूर्वी त्यांनी गेम बॉयची छोटी, सुटसुटीत आवृत्ती बाजारात आणली होती. त्यानंतर त्यांनी 'कोतो' ही स्वतःची संस्था स्थापन केली आणि बांदाई कंपनीसाठी 'वंडरस्वान' या नव्या यंत्राच्या रचनेत सहभाग घेतला.

हे यंत्र बाजारात आलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतातील द्रुतगती मार्गावर त्यांच्या मोटारीला किरकोळ अपघात झाला. नुकसान पाहण्यासाठी ते खाली उतरले असता दुसऱ्या वाहनाने त्यांना धडक दिली. त्या वेळी त्यांचे वय ५६ वर्षे होते.

१९९९ मध्ये वंडरस्वान विक्रीस आले. ते केवळ एका बॅटरीवर चालत असे आणि आडवे तसेच उभे धरूनही खेळता येई. त्यासोबत आलेल्या एका कोड्याच्या खेळाला 'गुनपे' असे नाव देऊन त्यांच्या स्मृती जपण्यात आल्या. २००३ मध्ये व्हिडिओ गेम निर्मात्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांना मरणोत्तर जीवनगौरव पुरस्कार दिला.

अत्याधुनिक यंत्रांच्या स्पर्धेत मुरलेल्या साधनांवर विश्वास ठेवणारा हा अभियंता मुळात हाताने वस्तू घडवणारा कारागीर होता. कारखान्यातील मोकळ्या वेळात पट्ट्या जोडून त्यांनी पहिले खेळणे बनवले. आज कोणी छंदिष्ट रात्री जागून आपल्या कंट्रोलरमधील अधिक चिन्हाच्या कळीचा टेकू कानशीने घासत बसतो, तेव्हा तो योकोई यांच्याच वाटेने चालत असतो.