मंडईत सायकलचा गियर बदलायला गेलात तर या हरलेल्या इटालियन रेसरची आठवण काढा

पुण्यातल्या मंडईत सकाळी गेलात तर दोन प्रकारच्या सायकली दिसतात.

एक काळी, उंच, जाड कॅरिअरची. तिच्यावर कोथिंबिरीच्या जुड्या नाहीतर बटाट्याचं पोतं बांधलेलं असतं. दुसरी जाड टायरची माउंटन बाइक. सिंहगड नाहीतर कात्रजचा घाट मारून घामाघूम होऊन आलेल्या कुणीतरी ती चहासाठी भिंतीला टेकवलेली असते.

पहिलीला गियरच नाही, त्यामुळे तिथे बिघडायलाही काही नाही. दुसरीचं तसं नाही. सायकल एकदा उजव्या अंगावर पडली की मागच्या चाकाजवळ लोंबकळणारा तो छोटा हात वाकतो. मग चेन सटासट उड्या मारायला लागते आणि मालक आसपासच्या पेठांतल्या सायकलच्या दुकानांत विचारत फिरतो.

त्या हाताला म्हणतात रिअर डिरेलर.

दुकानदार तुमच्यासमोर दोन-चार डिरेलर ठेवतो. कुठल्यावर शिमानो लिहिलेलं असतं, कुठल्यावर एखाद्या चिनी कंपनीचं नाव. कॅम्पान्योलो हे नाव मात्र त्यात बहुतेक नसतंच. पण यातला कुठलाही डिरेलर हातात घेऊन दाबून बघा. चार खिळींवर एका बाजूला कलणारी जी चौकट हलते ना, ती घराघरांत पोहोचवली तुलिओ कॅम्पान्योलो नावाच्या माणसाने.

तर कोण होता हा तुलिओ?

हार्डवेअरच्या दुकानातला पोरगा

तुलिओचा जन्म १९०१ सालचा, इटलीतल्या विचेंझा गावातला. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं. खिळे, नटबोल्ट, कानस, पाने यातच पोरगा वाढला. हाताला लोखंडाची सवय आणि डोक्यात सायकल रेसचं वेड. विशीत आल्यावर तो हौशी रेसर म्हणून शर्यतींत उतरायला लागला.

त्या काळातला गियर कसा होता ते आधी समजून घ्यायला हवं.

मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक दातेरी चक्र असायचं. एक सपाटीसाठी, एक चढासाठी. घाट आला की रेसर खाली उतरायचा, चाकाचे दोन्ही कानाचे नट सोडवायचा, चाक काढून उलटं करायचा, चेन बसवायचा, नट आवळायचा आणि पुन्हा सायकलवर बसायचा. घाट संपला की हेच सगळं पुन्हा. शर्यत पायांच्या जोरावर जिंकायची आणि बोटांच्या चपळाईवर हरायची, असा मामला.

तुलिओ हरला तो इथेच.

कॅम्पान्योलो कंपनी आजही सांगते ती गोष्ट अशी. नोव्हेंबर १९२७. डोलोमाइट्सच्या डोंगरातला क्रोचे दाउने नावाचा घाट. बर्फ पडलेला. तुलिओ चाक उलटं करायला उतरला आणि बघतो तर नट गोठलेले. बोटं इतकी बधिर की नट फिरवता येईना. तो झगडत राहिला आणि बाकीचे पुढे निघून गेले.

दुसरा कुणी असता तर नशिबाला दोष देऊन घरी गेला असता. हा हार्डवेअरवाल्याचा पोरगा होता. सायकलच्या मागच्या बाजूला काहीतरी बदलायला हवं, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

एका झटक्यात निघणारं चाक

वडिलांच्या दुकानामागच्या खोलीत त्याने काम सुरू केलं. १९३० च्या सुमारास त्यातून बाहेर पडलं ते क्विक रिलीज. पोकळ एक्सलमधून जाणारी एक सळई आणि तिच्या टोकाला एक दांडा. दांडा उघडला की चाक मोकळं, मिटवला की चाक घट्ट. पाना नको आणि गोठलेल्या नटाशी झटापटही नको.

गाडीच्या डिकीत सायकल टाकताना आजही बरेच जण चाक याच दांड्याने काढतात.

१९३३ साली त्याने स्वतःच्या नावाने कंपनी काढली. आता त्याला पुढचा प्रश्न सोडवायचा होता. चाक झटपट निघतं हे ठीक, पण ते काढावंच का लागावं?

डिरेलर तेव्हा नवा नव्हता. फ्रान्समध्ये पर्यटनासाठी सायकल चालवणारे लोक तो आधीपासून वापरत होते. पण टूर द फ्रान्सच्या आयोजकांना गियर म्हणजे लबाडी वाटायची. त्या शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली.

तुलिओने यावर जे पहिलं उत्तर काढलं त्याचं नाव काम्बिओ कोर्सा. ते वापरणं म्हणजे सर्कस होती. मागच्या चाकाजवळ दोन दांडे. चालत्या सायकलवर रेसरने मागे वाकून एका दांड्याने चाक सैल करायचं, दुसऱ्याने चेन ढकलायची, पेडल उलटं फिरवायचं आणि चाक पुन्हा घट्ट करायचं. चेनचा ताण सांभाळायला चाकच थोडं पुढे-मागे सरकायचं.

तरीही १९४८ साली जिनो बार्तालीने हेच वापरून टूर द फ्रान्स जिंकली. आधीच्या विजयानंतर बरोबर दहा वर्षांनी.

आणि मग आला ग्रान स्पोर्ट

आपलं यंत्र जिंकतंय म्हटल्यावर माणूस तिथेच थांबतो. तुलिओने मात्र ते मोडीत काढायचं ठरवलं.

१९४९ साली त्याने नव्या डिरेलरचा नमुना दाखवला आणि पुढच्या एक-दोन वर्षांत तो बाजारात आला. नाव ग्रान स्पोर्ट. यात एक कलणारी चौकट होती, जिला भूमितीत समांतरभुज चौकोन म्हणतात. केबल ओढली की चौकट एका बाजूला कलते आणि चेनला शेजारच्या चक्रावर नेते. केबल सोडली की स्प्रिंग तिला परत आणते. खालची दोन छोटी चाकं चेनचा सैलपणा खाऊन टाकतात.

असा चौकोन वापरणारा तुलिओ पहिला नव्हता. पण त्याने तो इतका मजबूत आणि भरवशाचा केला की पुढे सगळ्यांना त्याच वाटेने जावं लागलं. पुढे १९७२ साली एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर सायकल चालवून विक्रम केला, तेव्हाही सायकलला पार्ट्स कॅम्पान्योलोचे होते.

मग मंडईजवळच्या दुकानात त्याचं नाव का नाही?

कारण डोंगर बदलले. तुलिओचं जग डांबरी रस्त्यावरच्या शर्यतीचं होतं. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पोरांनी मातीच्या उतारांवर सायकली पळवायला सुरुवात केली. त्यांना हवे होते मोठी चक्रं पेलणारे, चिखल सोसणारे आणि स्वस्तात मिळणारे गियर.

ते जपानने दिले. सनटूर कंपनीने १९६४ सालीच चौकट तिरकी बसवून गियर आणखी नेमका केला होता. शिमानोने १९८२ साली माउंटन बाइकसाठी डिओर एक्सटी आणला आणि १९८४ साली कट्ट आवाज करून नेमक्या जागी बसणारा गियर आणला.

तुलिओने यातलं शेवटचं पाहिलं नाही. फेब्रुवारी १९८३ मध्ये तो गेला. कंपनीची पन्नाशी त्याच वर्षी होती. मुलगा व्हॅलेंटिनोने कारभार हाती घेतला. दशकाच्या शेवटी कंपनी माउंटन बाइकच्या पार्ट्समध्ये उतरली खरी, पण काही वर्षांत तिला तिथून बाहेर पडावं लागलं.

आता तुमच्या मोडक्या डिरेलरकडे येऊ

तुलिओ अडला तो सायकलच्या मागच्या भागातल्या एका नटावर. डिरेलर बदलताना आपणही तिथूनच सुरुवात करायची, आणि महागडं नाव बघण्याआधी चार गोष्टी तपासायच्या.

पहिली, हँगर. डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर लटकतो ती. पुष्कळदा डिरेलर ठणठणीत असतो आणि वाकलेली असते ही पट्टी. ती प्रत्येक फ्रेमची वेगळी असू शकते, म्हणून जुनी सोबत न्या. काही स्वस्त सायकलींना फ्रेमवर हँगर नसतो. त्यांना पट्टीसकट येणारा डिरेलर लागतो.

दुसरी, मागची चक्रं किती आहेत आणि हँडलवरचा शिफ्टर कुठल्या कंपनीचा आहे. शिफ्टर ठरावीक लांबीची केबल ओढतो आणि डिरेलर तेवढ्यावर नेमका सरकायला हवा. शिमानोच्या ७, ८ आणि ९ गियरच्या माउंटन डिरेलरचं प्रमाण एकच आहे. त्यामुळे ७ गियरच्या सायकलला ८ चा डिरेलर चालतो. १० चा मात्र चालत नाही.

तिसरी, मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दात. ते ३४ असतील आणि डिरेलर २८ पर्यंतचाच असेल, तर घाटात सर्वांत हलका गियर टाकताच तो चक्राला घासेल.

चौथी, हाताची लांबी. पुढच्या सर्वांत मोठ्या आणि छोट्या चक्राच्या दातांमधला फरक काढा, मागचाही काढा आणि दोन्हींची बेरीज करा. पुढे ४२ आणि २४, मागे ३४ आणि १४ असतील तर १८ अधिक २० म्हणजे ३८. डिरेलरची क्षमता निदान एवढी हवीच. कमी असेल तर चेन कुठे लोंबेल, कुठे ताणली जाईल.

हे तपासायला पाच मिनिटं लागतात. नाही तपासलं तर डिरेलर स्पोकमध्ये अडकतो, चाक जागच्या जागी थांबतं, कधी फ्रेमही तुटते. कात्रजच्या घाटात मागून ट्रक येत असताना हे होऊ नये, एवढंच.

क्रोचे दाउनेच्या घाटात आज तुलिओचं स्मारक आहे. इकडे रे मार्केट म्हणून १८८६ साली उभ्या राहिलेल्या इमारतीला पुढे महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, तरी पुणेकर तिला नुसतं मंडई म्हणतात. तुलिओचंही तसंच झालं. त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही, पण त्याची चौकट सिंहगडाच्या चढावर रोज कुणाची ना कुणाची चेन हलक्या गियरवर नेऊन ठेवते.