भीमेच्या माशांचा खतावणीकार

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र हा विषय रूक्ष वाटतो. तक्ते आणि सरासरी यांत माणूस कुठे सापडत नाही, अशी आमची नेहमीची तक्रार. पण आकडेवारी गोळा करणे हीच ज्यांची नोकरी होती आणि त्या नादात ज्यांनी भीमा, मुळा-मुठा, घोड, इंद्रायणी या नद्यांतले मासेसुद्धा मापून कागदावर उतरवले, अशा एका गृहस्थांचा परिचय येथे करून द्यावासा वाटतो. त्यांचे नाव कर्नल विल्यम हेन्री साइक्स.

साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात झाला. आपल्याकडे मुलगा शाळेत असतो त्या वयात ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाले. १८०५ मध्ये भरतपूरच्या वेढ्यात ते होते. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत ते पेशव्यांच्या विरुद्ध लढले. ज्या राज्याच्या अस्तात त्यांचा हात होता, त्याच राज्याच्या मुलखाची मोजदाद पुढे त्यांच्याकडे आली, ही गोष्ट विसरून त्यांचे चरित्र वाचता येत नाही. १८२० मध्ये ते युरोपात गेले आणि १८२४ मध्ये परतल्यावर मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांना आकडेवारी गोळा करणारे अधिकारी म्हणून नेमले.

पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे त्यांच्या वाट्याला आले. तीन मराठी मुलखाचे, चौथा कन्नड. लोकसंख्या, जमिनीचे हक्क, पिके, शेतसारा हे सर्व नोंदवायचे होते. सरकारचा हेतू उघड होता. वसुली करायची तर मुलूख माहीत हवा. पण साइक्स यांची कीर्द सरकारी रकान्यांत मावेना. त्यांनी हवेचा दाब नोंदवला, खडक पाहिले, पक्षी व प्राणी जमवले आणि नदीकाठी जाऊन मासे मागवले. शेतसाऱ्याच्या हिशोबात मासा कितीसा येणार? हे काम त्यांनी केवळ स्वतःच्या हौसेने केले असे मला वाटते. १८२९ च्या डिसेंबरात त्यांची जागाच रद्द झाली, तेव्हाही ते पलटणीत परत गेले नाहीत. रजा घेऊन त्यांनी काम चालू ठेवले, जानेवारी १८३१ मध्ये पुरे केले आणि मगच मायदेशी प्रयाण केले.

दख्खनच्या माशांवरील त्यांचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेत १८३८ मध्ये वाचला गेला. त्याचा सारांश १८३९ मध्ये व सचित्र निबंध १८४१ मध्ये छापून आला. त्यात एकंदर ४६ जाती असून त्यांपैकी बहुतेक शास्त्राला नव्या म्हणून मांडलेल्या आहेत. चित्रे ताज्या माशांवरून, मापे घेऊन काढलेली होती.

आता खरी मौज पाहा. नव्या जातीला लॅटिन वळणाचे नाव द्यावे लागते. साइक्स यांनी त्या नावाचा दुसरा शब्द अनेकदा येथल्याच लोकांच्या तोंडून उचलला. खुद्री, कोलुस, नुक्ता, मल्या, शिंगटी, शिंगाळा, गोग्रा, टाकरी! घाटावरच्या बोलीतले हे शब्द थोड्याफार मोडतोडीने जगभरच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत जाऊन बसले. रोहटी हा शब्द तर त्यांनी एका संपूर्ण गटाचे नाव म्हणून घेतला. पुढे कोणी अभ्यासक दख्खनमध्ये आला तर स्थानिक नाव विचारून त्याला तो मासा मिळावा, असा त्यामागचा व्यवहारी विचार होता. जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर खतावणीतले खाते असे उघडले की मूळ धनी चटकन सापडावा.

मात्र मूळ धनी त्यात सापडत नाही. काही माशांना त्यांनी माणसांची नावेही दिली. यारेल, चिल्ड्रन, ऑगिल्बी, व्हिगर्स हे सारे त्यांच्या काळातले इंग्लंडातले विद्वान होते. ज्या कोळ्या-भोयांनी उथळ डोहात पाग टाकून मासे काढले आणि त्यांची नावे सांगितली, त्यांतल्या एकाचेही नाव कोणत्याही माशाला मिळालेले नाही. आपल्या कल्याणच्या बसवण्णांच्या मेळ्यात बाराव्या शतकात अंबिगर चौडय्या हा नावाडी आपल्या नावानिशी वचनकार म्हणून ओळखला गेला. त्याच्या सातशे वर्षांनंतरच्या या नोंदीत नदीवरच्या माणसाला तेवढीही जागा नसावी, हे मनाला लागते.

पुढचे आयुष्य मानाचे गेले. लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या संस्थापकांत ते होते व १८६३ मध्ये तिचे अध्यक्ष झाले. १८४० मध्ये ते कंपनीचे संचालक आणि १८५६ मध्ये अध्यक्ष झाले. १८५७ पासून मृत्यूपर्यंत ॲबर्डीनचे प्रतिनिधी म्हणून ते पार्लमेंटात बसले. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामात उणिवा राहिल्या. वर्णने त्रोटक, आणि अनेक जातींचे मूळ नमुने आज कोणत्याही संग्रहालयात नाहीत. त्यामुळे पुढे बराच घोळ झाला. त्यांचे मुसुल्लाह हे नाव कित्येक वर्षे कावेरीतल्या कुबडदार महाशीर माशाला लावले जात होते. साइक्स यांचा मासा महाशीर नव्हेच, हे अभ्यासकांनी अलीकडे, २०१३ च्या सुमारास दाखवून दिले. पावती हरवली की जुनी नोंद कशी छळते, हे आम्हाला लेखापरीक्षणात शिकवतात, तसाच हा प्रकार.

तरीही जुनी शिल्लक म्हणून त्यांचीच यादी उपयोगी पडते. पुण्याच्या नद्यांतील माशांची यादी फ्रेझर यांनी १९४२ मध्ये केली. २००३ मध्ये पुण्याच्या संशोधकांनी जुन्या याद्यांशी ताळा करून पाहिला, तेव्हा काही जाती सापडल्या नाहीत आणि बाहेरून आणलेले मासे मात्र आढळले. नुक्ता हा मासा तर आज संकटग्रस्त जातींत गणला जातो. आरंभीची शिल्लकच कोणी लिहून ठेवली नसती, तर तूट किती आली हे कळले कसे असते?

भीमा पुण्याकडून निघून पंढरपुरावरून आपल्या अफजलपूर तालुक्यात येते, गाणगापूरला अमरजेला भेटते आणि जेवर्गी, यादगीरवरून कृष्णेकडे जाते. साइक्स यांच्या काळी गुलबर्गा आणि बीदर हा निजामाचा मुलूख होता, त्यांच्या चार जिल्ह्यांबाहेरचा. त्यामुळे त्यांच्या खतावणीत आपल्या काठाचे पान नाही. आपल्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या मित्रांनी गाणगापूरच्या संगमापासून सुरुवात करावी. मराठी व कन्नड दोन्ही नावे लिहून घ्यावीत आणि प्रत्येक माशापुढे तो धरणाऱ्याला विचारून त्याचेही नाव लिहावे. रकाने आखून द्यायला आम्ही वाणिज्यवाले आहोतच.