पंजाबराव देशमुख

डॉ. पंजाबराव शामराव देशमुख ऊर्फ भाऊसाहेब (जन्म : पापळ, जिल्हा अमरावती, २७ डिसेंबर १८९८, मृत्यू : दिल्ली, १० एप्रिल १९६५) हे शिक्षणप्रसारक, समाजसुधारक, संविधान सभेचे सदस्य आणि स्वतंत्र भारताच्या सरकारातील कृषिमंत्री होते. अमरावतीची श्री शिवाजी शिक्षण संस्था आणि भारत कृषक समाज या त्यांनी स्थापन केलेल्या दोन प्रमुख संस्था होत. अकोला येथील कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले असून चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांतील कृषिशिक्षण आणि धानसंशोधन याच विद्यापीठाच्या कक्षेत येते.

बालपण व शिक्षण

पंजाबरावांचा जन्म शेतकरी कुटुंबात झाला. आईचे नाव राधाबाई. प्राथमिक शिक्षण पापळला झाल्यावर पुढील शिक्षणासाठी त्यांना चांदूर रेल्वे, कारंजा आणि अमरावती अशी गावे बदलावी लागली. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात काही काळ शिकून १९२० साली ते इंग्लंडला गेले. एडिंबरो विद्यापीठाची एम. ए. पदवी, वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावरील प्रबंधासाठी ऑक्सफर्डची डॉक्टरेट आणि बॅरिस्टरची सनद मिळवून ते १९२६ मध्ये परतले. कुणब्याच्या मुलाने वेदवाङ्मयावर प्रबंध लिहावा, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

सामाजिक कार्य

परतल्यावर अमरावतीत वकिली सुरू असतानाच त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत व एका पंक्तीला जेवत. खेड्यातील मुलाचे शिक्षण बुद्धीअभावी नव्हे, तर शहरात राहण्याजेवण्याची सोय नसल्यामुळे थांबते, हे त्यांनी स्वतः गावे बदलत शिकताना अनुभवले होते. त्यांच्या शैक्षणिक कार्याचा आरंभ शाळेपासून न होता वसतिगृहापासून झाला, याची नोंद चरित्रकारांनी पुरेशी घेतलेली दिसत नाही. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा यासाठी झालेल्या चळवळीत त्यांनी पुढाकार घेतला. १९२७ मध्ये त्यांनी विमलाबाई यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. विमलाबाई पुढे राज्यसभेच्या सदस्य झाल्या. जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना पंजाबरावांनी सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या केल्या.

प्रांतिक मंत्री

१९३० ते १९३३ या काळात ते मध्य प्रांत व वऱ्हाडचे मंत्री होते. शिक्षण आणि शेती ही दोन्ही खाती त्यांच्याकडे होती. हा योग महत्त्वाचा ठरला. प्रांतात वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचे कापूसपट्टे होते, तसाच पूर्वेचा चांदा जिल्हाही होता. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे त्यात मोडत. तेथील शेती मालगुजारी तलावांवर अवलंबून असलेली, धानाची आणि जंगलाला लागून. एवढ्या विस्तृत प्रदेशासाठी कृषिशिक्षणाचे मुख्य केंद्र म्हणजे १९०६ मध्ये सुरू झालेले नागपूरचे कृषी महाविद्यालय. तेथून बाहेर पडणारे पदवीधर बहुतांशी सरकारी खात्यात जात. अहेरी किंवा सिरोंच्याच्या शेतकऱ्याला नागपूर फार दूर होते, आणि अंतर केवळ मैलांचे नव्हते. कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी सावकारी कर्जाची तडजोड घडवून आणणारा कायदाही याच सुमारास प्रांतात झाला.

याच दशकाच्या आरंभी त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. तालुक्यांच्या व मोठ्या खेड्यांच्या ठिकाणी शाळा काढणे हे तिचे धोरण होते. पुढे संस्थेने अमरावती येथे कृषी महाविद्यालयही चालविले. शेतकऱ्याच्या मुलाने वकील, डॉक्टर व्हावे आणि शेतीचे शास्त्रही शिकावे, या दोन्ही गोष्टी पंजाबरावांना हव्या होत्या. त्यांपैकी पहिली अधिक यशस्वी झाली, असे म्हणावे लागते.

केंद्रातील कारकीर्द

संविधान सभेत त्यांनी मागासवर्गीयांच्या हक्कांचा आग्रह धरला. १९५२, १९५७ आणि १९६२ या तिन्ही निवडणुकांत ते अमरावतीतून लोकसभेवर निवडून आले आणि १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात शेतीचे काम त्यांनी पाहिले. देश त्या वेळी धान्य आयात करीत होता. १९५३ पासून जपानी पद्धतीच्या भातलागवडीची मोहीम देशभर सुरू झाली, तिचे ते खंदे पुरस्कर्ते होते. गादीवाफ्यावर जोमदार रोपे तयार करणे, ओळीत लावणी करणे, खताची योग्य मात्रा देणे आणि ओळींमधून कोळपणी करणे हे या पद्धतीचे मुख्य घटक. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, तेव्हा बांधीत बी फेकून पेरण्याची आवत्या पद्धत आणि पऱ्हे टाकून रोवणी करण्याची पद्धत, दोन्ही चालत. ओळीतील रोवणीला मजूर अधिक लागतात आणि पाणी वेळेवर हवे असते. तलाव भरला नाही तर पुस्तकातली पद्धत पुस्तकातच राहते. ही अडचण प्रात्यक्षिकाने सुटणारी नव्हती, त्यासाठी त्या भागाचे स्वतंत्र संशोधन हवे होते.

१९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाजाची स्थापना केली. समाजाच्या वतीने दिल्लीत १९५९-६० मध्ये जागतिक कृषी प्रदर्शन भरले. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी त्यास भेट दिली. पंजाबरावांच्याच मंत्रिपदाच्या काळात, १९६० साली, पंतनगर येथे देशातील पहिले कृषी विद्यापीठ सुरू झाले. अध्यापन, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एकाच छत्राखाली आणणे ही अमेरिकेतील भूदान विद्यापीठांची कल्पना त्यामागे होती. केंद्रातून बाहेर पडल्यानंतर तीन वर्षांनी त्यांचे निधन झाले.

कृषी विद्यापीठ आणि पूर्व विदर्भ

महाराष्ट्रातील पहिले कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये राहुरीला झाले. विदर्भासाठी स्वतंत्र विद्यापीठाची मागणी तीव्र आंदोलनातून पुढे आली आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोला येथे पंजाबराव कृषी विद्यापीठ स्थापन झाले. नागपूरचे जुने महाविद्यालय त्याचाच भाग बनले. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही येथील संशोधन केंद्र धानासाठी ओळखले जाते. वरोऱ्याजवळ आनंदवनात, बाबा आमटे यांच्या महारोगी सेवा समितीच्या परिसरात, विद्यापीठाशी संलग्न कृषी महाविद्यालय आहे. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातही विद्यापीठाचे कृषी महाविद्यालय व कृषी विज्ञान केंद्र आहे. ज्या जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाखाली आहे, तेथे शेतीचे शिक्षण घेण्यासाठी नागपूर-अकोला गाठावे लागत नाही, हा बदल लहान नाही.

या भागात ज्ञानाचा प्रवाह उलट दिशेनेही वाहिला. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे अल्पशिक्षित, अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८०च्या दशकात आपल्या बांधीतील वेगळ्या ओंब्या निवडून, वर्षानुवर्षे जोपासून एचएमटी हे बारीक धानाचे वाण तयार केले. घड्याळाच्या नावाचे हे धान दूरवर पसरले. विद्यापीठाने पुढे पीकेव्ही-एचएमटी या नावाने वाण प्रसारित केले, तेव्हा मूळ निवडीच्या श्रेयावरून वाद झाला. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने खोब्रागडे यांचा गौरव केला. शेतकऱ्याचे निरीक्षण आणि प्रयोगशाळेतील शुद्धीकरण यांचा हिशेब कसा मांडावा, हा प्रश्न या वादाने कृषिशिक्षणापुढे ठेवला. पंजाबरावांच्या नावाच्या विद्यापीठापुढे तो यावा, यात एक औचित्यही आहे.

स्मृती

राज्य शासनाचा शेतीतील सर्वोच्च पुरस्कार डॉ. पंजाबराव देशमुख कृषिरत्न या नावाने दिला जातो. अमरावतीचे वैद्यकीय महाविद्यालय त्यांचे स्मारक आहे. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या मुलांसाठी असलेल्या शासनाच्या वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेलाही त्यांचेच नाव आहे.